रोकड मोजणारा हात

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना बदनापूर लागते. एसटीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ते एक मोठा फाटा वाटावे. रेल्वे स्टेशन, तहसील, कडधान्यांवर काम करणारे कृषी संशोधन केंद्र आणि सभोवार कापूस व मोसंबी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या एका बँकेच्या शाखेत मी रोखपाल होतो. तेव्हा राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. दिवाळीनंतर चुकारे जमा होऊ लागले की शाखेत रांग लागे. पैसे काढण्याची स्लिप दिली की शेतकऱ्याच्या हाती पितळी टोकन पडे. नंबर पुकारला की टोकन माझ्या खिडकीतून आत येई आणि नोटा बाहेर जात. बहुतेक जण त्या तिथेच उभे राहून, बोटाला थुंकी लावून, दोनदा मोजत. मागचे लोक कुरकुरत, पण मला त्या मोजण्याचा कधी राग आला नाही. वर्षाची मेहनत माणूस दोनदा मोजणारच.

रस्त्यापलीकडे पानाची टपरी होती. तिथे मटक्याचे आकडे घेतले जात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. टपरीवरचा पोरगा रोज माझ्या खिडकीशी येई, शंभराच्या नोटा देई आणि सुटे मागे. मोड देणे हे बँकेचे कामच, म्हणून मी देत असे. एके दिवशी त्याने सरकवलेल्या नोटा कोऱ्या आणि ओळीने नंबर असलेल्या निघाल्या. आदल्या दिवशी मीच ती गड्डी फोडली होती आणि त्या नोटा कुणाला दिल्या हेही मला आठवत होते. तो माणूस माझ्यासमोर त्या दोनदा मोजून गेला होता. मी क्षणभर थांबलो आणि मोड दिली. संध्याकाळी कॅश टॅली झाली, एका पैशाचाही फरक नव्हता. दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद करून आम्ही चहाला गेलो.

या गोष्टीत एक विचित्र योगायोग आहे. मटक्याचा जन्मच कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर पैजा लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, आकडा उरला. पुढे बदनापूरच्या शेतकऱ्याचा कापसाचा पैसा त्याच आकड्यावर लागू लागला.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला जुगाराचे गणित चटकन दिसते. मटक्यात आकडे दहा आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. म्हणजे दर रुपयामागे दहा पैसे घेणाऱ्याकडे राहतात. कॅसिनोतल्या युरोपीय रुलेच्या चक्रावर ३७ घरे असतात आणि एका घरावर लावलेल्या पैशाला ३५ पट मिळतात. इथेही मालकाचा वाटा शंभराला सुमारे पावणेतीन रुपये ठरलेलाच. मालक जिंकावा म्हणून कुणी लबाडी करण्याची गरज नाही, खेळणाऱ्याने खेळत राहिले की पुरे. आणि खेळत राहण्यासाठी एकच गोष्ट आवश्यक असते, ती म्हणजे हातातला पैसा त्याला पैसा वाटू नये.

हे मला नीट समजले ते परवा एका लग्नात. बदनापूर तालुक्यातलाच एक मुलगा भेटला. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून तो गोव्यात एका कॅसिनोच्या रोकड काउंटरवर लागला आहे. गावात मात्र "हॉटेल लाइनमध्ये आहे" एवढेच सांगितले जाते, कारण मुलगी पाहायला गेल्यावर खरे सांगण्याची सोय नाही. मी जुना रोखपाल म्हटल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. त्याच्या कामाची शिस्त ऐकून मी थक्क झालो. टेबलावर आलेल्या नोटा कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजायच्या, वरिष्ठाने पाहिल्याशिवाय पेटीत टाकायच्या नाहीत, टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. आमच्या बँकेतही इतका कडक कारभार नव्हता.

"काका," तो म्हणाला, "नोट आमच्याकडे आली की गिऱ्हाइकाला रंगीत चकत्या मिळतात. नोटा लोक मोजून देतात. चकत्या कुणी मोजत नाही, नुसत्या ढकलतात."

मला माझे पितळी टोकन आठवले. बँकेत टोकन देऊन माणूस पैसा घेतो, इथे पैसा देऊन टोकन घेतो. काउंटरवरचा हा मुलगा म्हणजे त्या पैशाला पैसा म्हणून पाहणारा शेवटचा माणूस.

मी विचारले, "एखादा फार वाहवत चाललाय असं दिसलं तर?"

"दिसतं ना काका. तिसऱ्यांदा आला की चेहऱ्यावरूनच कळतं. पण बोलायचं नसतं. बोललो तर नोकरी जाईल."

इथे आपल्या राज्यकर्त्यांचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरीही आहे. १९७६ मध्ये आपण कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकून खेळायच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या जुगाराला वाट करून दिली. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्याची बंदी झाली. आपला तो बाब्या! गोव्याच्या बाब्याला दार बंद आणि बदनापूरच्या कार्ट्याचे स्वागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो आणि सट्ट्यावर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. जुगार वाईट म्हणून कर जबर, हे ठीक. पण त्या करामागे खेळणाऱ्याची आणि काउंटरवरच्या पोराची काही जबाबदारीही येते, हे कोण सांगणार?

जुगार बंदच करा म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात बँकांनाही असे व्यवहार पुढे सरकवण्यास मनाई आहे. हे वाचून मला त्या कोऱ्या नोटा आठवल्या. मात्र टपरीसमोर शंभर वर्षे जुना कायदा उभा होता आणि टपरीही उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बंदी कागदावर राहते तेव्हाही रोकड कुणाच्या तरी हातातून जातच असते. म्हणून त्या हाताचा विचार करायला हवा.

जगात तो केला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात जुगाराच्या यंत्रांपाशी काम करणाऱ्याला आधी एक प्रशिक्षण घ्यावे लागते. अडचणीतला खेळणारा ओळखायचा कसा आणि त्याला मदतीपर्यंत पोचवायचे कसे, हे त्यात शिकवतात. सिंगापूरमध्ये २०१० साली कॅसिनो आले. तिथे स्वतःच्या नागरिकांना आत जायला शुल्क पडते, २०१९ पासून ते दिवसाला १५० डॉलर आहे. शिवाय घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करवून घेता येतो. नवऱ्याच्या पायी घर बुडत असलेल्या बाईला दार ठोठावायला निदान एक जागा आहे.

आपल्याकडे जिथे परवाना देऊन जुगार चालतो, तिथे एवढे दोन नियम परवान्यातच घालावेत. घरच्यांचा अर्ज घेतला जावा आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला "साहेब, आज पुरे" म्हणण्याचा अधिकार असावा. असे म्हटल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, अशी हमीही असावी. यामुळे जुगार थांबणार नाही, याची मला कल्पना आहे. पण काही जण घरी लवकर परततील. आणि त्या मुलालाही आपण काय काम करतो ते गावात सांगण्याची थोडी हिंमत येईल.

त्याला निदान नोकरी जाण्याची भीती आहे. मला तीही नव्हती. तो शेतकरी पुढच्या चुकाऱ्याला पुन्हा माझ्या खिडकीशी आला होता. "दादा, घरी ठाऊक आहे ना?" एवढे मी विचारले असते, तर बँकेने मला काही केले नसते. मी टोकन घेतले, नोटा दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला.