फाटक रेल्वेचे, पूल सरकारचा, जमीन मात्र आमची



रेल्वेची फाटके बंद करून तेथे उड्डाणपूल नाहीतर भुयारी मार्ग करण्याचे काम गावोगाव चालू आहे. या कामाला जमीन लागते. ती कोणाची जाते, हे सांगायला नको. कोणी तोंड उघडले की लगेच सुनावले जाते, माणसे मरतात आणि तुम्हाला गुंठ्यांची पडली आहे!

या आरोपाचे उत्तर आधी देतो. फाटकावर मरते कोण? ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात मानवरहित फाटकावर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेगाडीखाली सापडली. पन्नासाहून अधिक माणसे गेली. ती मोटारीतून फिरणारी नव्हती, ट्रॉलीत दाटीवाटीने बसणारी होती; आपलीच होती. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली सांगितले, सगळी फाटके पाच वर्षांत काढून टाका. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली. गेटमन असलेली हजारो अजून उभी आहेत. तीही जावीत, असेच आमचे म्हणणे आहे. आमचा विरोध पुलाला नाही. पुलाच्या नावाखाली गरजेबाहेर जमीन ओढायची आणि दाम हातात पडण्याआधी पोकलेन शेतात घालायचा, याला आहे.

पुलाला जमीन किती लागते, याचा हिशेब आपणच मांडू. रस्ता विजेच्या तारांवरून न्यायचा म्हणजे सुमारे आठ मीटर उचलावा लागतो. तीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर रुळाच्या एकेका बाजूला २४० मीटरचा पोहोचरस्ता झाला. इथवर गणित खरे. पण भराव मातीचा ढाळ देऊन केला, तर आठ मीटर उंचीच्या जागी, एकास दोन ढाळ धरून, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोळा-सोळा मीटर जमीन नुसत्या उतारात गडप होते. तोच भराव भिंती बांधून धरला, तर ही जमीन वाचते. भिंतीला पैसे लागतात, ढाळाला शेत लागते. नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर शेताची किंमत कवडीमोल, म्हणून ढाळ स्वस्त दिसतो. फुकटात मिळेल त्याची उधळपट्टी होणारच. हे अर्थशास्त्र शिकायला विद्यापीठात जावे लागत नाही.

मग जमीन किती घ्यावी, यावर कायद्याची मर्यादा नाही काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची तपासणी आहे आणि त्या तपासणीत नेमका हाच प्रश्न आहे: मागितलेली जमीन ही कमीत कमी लागणारी जमीन आहे काय, आणि दुसरी जागा पाहिली काय? प्रश्न उत्तम. पण रेल्वेचा १९८९ चा कायदा चौथ्या अनुसूचीत टाकून या प्रश्नाबाहेर ठेवला. १ सप्टेंबर २०१५ पासून नव्या कायद्याचा मोबदला आणि पुनर्वसन रेल्वेला लागू झाले. हा प्रश्न लागू झाला नाही. आणि राज्य सरकार जमीन घेते तेव्हा? महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून पायाभूत प्रकल्पांना या तपासणीतून सूट देण्याची सोय करून ठेवली. म्हणजे दाम किती ते विचारा. जमीन किती ते विचारू नका!

दुसरी चलाखी 'तात्पुरत्या' वापराची. काम चालू असेतो वळणरस्ता हवा, खडी टाकायला जागा हवी. ठेकेदाराचा माणूस येतो, एका कागदावर सही घेतो आणि मुरूम पसरतो. कायदा सांगतो की तात्पुरता ताबा तीन वर्षांच्या वर नाही, मुदत संपल्यावर नुकसानीची भरपाई द्यायची आणि जमीन होती तशी करून द्यायची. ती कायमची नापीक झाली असेल आणि मालकाने मागणी केली, तर सरकारने ती रीतसर संपादन करायची. हे त्या कागदावर कोठे लिहिलेले असते?

तिसरे, एक गुंठाही न घेता शेत मारता येते. फाटक बंद झाले की पलीकडच्या रानात दोन मिनिटांत जाणारी बैलगाडी लांबचा वळसा घालते. भुयारी मार्ग केला तर पावसाळ्यात त्याचे तळे होते आणि ऐन पेरणीत वाट बुडते. रेल्वे कायद्याच्या कलम १६ मध्ये रुळाने तुटलेल्या शेताची वाट जोडून देणे आणि पाणी वाहते ठेवणे हे रेल्वेचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. शेताचे दोन तुकडे झाल्याने होणारे नुकसान मोबदल्यात धरावे, असेही कायदाच म्हणतो. ही भीक नाही, हिशेब आहे.

हिशेब मागितला नाही तर काय होते? हिमाचल प्रदेशात हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली सरकारने रस्त्यासाठी एका बाईची जमीन संपादन न करताच घेतली. पुढे कोर्टात सरकार म्हणाले, इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून मालकीही आमची! ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळले आणि मोबदला द्यायला लावला. तोवर त्या निरक्षर बाईचे वय ऐंशी झाले होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला गेला आणि कलम ३००-अ तेवढे उरले. त्या कलमात सात हक्क आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले: सूचना, सुनावणी, कारणे देऊन निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त मोबदला, वेळेत काम आणि प्रक्रियेची पूर्तता. सार्वजनिक हेतू हा सातांतला एक. सरकार तो एकच दाखवून उरलेले सहा गिळू पाहते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत:

१. आधी रेल्वेची आणि रस्त्याची स्वतःची जागा मोजा. मगच शेताला हात लावा.

२. ढाळ आणि भिंत, दोन्ही नकाशे जमिनीच्या खऱ्या किमतीसह ग्रामसभेत मांडा.

३. आधी दाम, मग ताबा.

४. पर्यायी वाट आणि पाण्याचा निचरा तयार झाल्याशिवाय फाटकाला कुलूप नाही.

५. काम झाल्यावर उरलेली जमीन मूळ मालकाला परत.

ज्यांच्या गावात मोजणीचे दगड पडले आहेत, त्यांनी बैठकीला सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि आलेली प्रत्येक नोटीस घेऊन यावे. रेल्वेच्या विशेष प्रकल्पाची अधिसूचना निघाली असेल, तर हरकतीला ३० दिवसच मिळतात. ते बैठकीची वाट पाहत दवडू नका. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, झाडे पंचनाम्यात लिहून घ्या. आणि वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठा तर नाहीच.