शर्यतीला पाऊस हवा?

क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला आणि आकाशातून चार थेंब पडले की पंच बेल्स उचलतात, खेळाडू तंबूत परततात आणि खेळपट्टीवर आच्छादने पसरली जातात. प्रेक्षक चरफडतात, पावसाला नावे ठेवतात. मोटारींच्या शर्यतींचे शौकीन मात्र विलक्षण लोक आहेत. शर्यतीच्या दिवशी सकाळी उठून ते आकाशाकडे पाहतात आणि एखादा काळा ढग दिसला की मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे खुलतात! निरभ्र आकाश पाहून हिरमुसणारा प्रेक्षक दुसऱ्या कोणत्या खेळात सापडेल, असे मला वाटत नाही.

या लोकांना झाले आहे तरी काय, असा प्रश्न सरळमार्गी गृहस्थाला पडणे साहजिक आहे. पावसात रस्ता निसरडा होतो, गाड्या घसरतात. मग यांना अपघात पाहायला हवे असतात की काय? ही शंका अगदीच निराधार नाही; आणि तिचे उत्तर शोधल्यावाचून या खेळाचा आनंद मोकळ्या मनाने घेता येणार नाही. म्हणून यंदा फराळाच्या ताटाबरोबर हा थोडा आडवाटेचा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी कोरड्या दिवसाची शर्यत कशी असते ते पाहू. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मुख्य दिवसाआधी वेळेची चाचणी होते. जो सर्वांत कमी वेळात फेरी पुरी करतो, तो शर्यतीत सर्वांच्या पुढे उभा राहतो. पळण्याच्या शर्यतीत सर्वांत दणकट पोरालाच चार पावले पुढे उभे करावे, तसा हा न्याय! आपल्या देशात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी ओळीने तीन वर्षे ग्रां प्री झाली. पावसाळा उलटून गेल्यावरचे, ऑक्टोबर अखेरचे ते कोरडे दिवस. तिन्ही वर्षी सेबॅस्टियन व्हेटेल पहिल्या जागेवरून सुटला आणि तिन्ही वर्षी तोच पहिला आला. व्हेटेलचे कौशल्य वादातीत आहे. पण कादंबरीचा शेवट पहिल्याच पानावर कळावा, तशी ती गोष्ट झाली.

पाऊस आला की हे चित्र पालटते. कोरड्या रस्त्यासाठी वापरतात ते टायर अगदी गुळगुळीत असतात. जितके रबर रस्त्याला भिडेल तितकी पकड अधिक, म्हणून त्यांवर खाचा ठेवलेल्याच नसतात. पण रस्त्यावर पाण्याचा थर साचला की हाच गुण अवगुण ठरतो. पाण्याला निसटायला वाट नसल्यामुळे टायर रस्त्याला टेकतच नाही, पाण्यावर तरंगू लागतो; मग स्टिअरिंग फिरवले काय आणि न फिरवले काय, सारखेच. म्हणून पावसासाठी खाचांचे टायर असतात. रिमझिमीसाठी एक, मुसळधारेसाठी दुसरे. मुसळधारेचा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावताना सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असे ते बनवणारी पिरेली कंपनी सांगते. म्हणजे आंघोळीच्या चार-पाच बादल्या एका सेकंदात, आणि तेही एका चाकाने! हे सारे पाणी धुके होऊन मागच्या गाडीच्या तोंडावर येते. सर्वांत पुढे असलेल्याला रस्ता दिसतो. बाकीचे जवळजवळ डोळ्यांवर पट्टी बांधून धावत असतात.

आणखी एक गंमत पाहा. कोरड्या दिवसांत सर्व गाड्या वळणांवरून एकाच ठरावीक रेषेने जातात. त्या रेषेवर रबराचा लेप बसतो आणि तिथे पकड उत्तम मिळते. पाऊस पडला की हाच लेप शेवाळासारखा निसरडा होतो. पहिल्या पावसात आपल्या शहरातल्या रस्त्यांवर स्कूटर कशी घसरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. तेव्हा जाणता चालक मळलेली वाट सोडतो आणि जिथून एरवी कोणी जात नाही अशा कडेच्या खरबरीत भागात पकड शोधू लागतो. यंत्राची ताकद तिथे पुरी वापरताच येत नाही. उपयोगी पडते ती पायाच्या अंगठ्याची आणि बसल्या जागी गाडीचा तोल ओळखण्याची समज.

पण खरी रंगत आहे ती निर्णयात. पावसाचे टायर वाळत्या रस्त्यावर तापून झिजतात आणि कोरडे टायर ओल्या रस्त्यावर घात करतात. बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात, पण त्यासाठी आत जाऊन बाहेर येण्यात वीसएक सेकंद खर्ची पडतात. मग आता बदलावे की आणखी एक फेरी काढावी? सर वाढेल की ओसरेल? बेल्जियममधील स्पा येथील मार्ग सात किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या एका टोकाला धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता, असे अनेकदा घडते. संघांपाशी आज रडार असते, संगणक असतात, आकडेमोड करणारी माणसे असतात. तरी शेवटी कोणीतरी मन घट्ट करून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते.

या ‘हो-नाही’वर काय काय अवलंबून असते, ते २००८ साली ब्राझीलमध्ये दिसले. २ नोव्हेंबरची, वर्षातील शेवटची शर्यत साओ पाउलोला होती. फेलिपे मासा हा त्याच गावचा. तो पहिला आला आणि लुईस हॅमिल्टन पाचव्याच्या खाली राहिला, तर जगज्जेतेपद मासाचे. अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना पाऊस आला. बहुतेकांनी टायर बदलले. टिमो ग्लॉक या जर्मन चालकाने मात्र कोरड्याच टायरांवर निभावून नेण्याचे ठरवले. मासाने शेवटची रेषा सर्वांआधी ओलांडली. हॅमिल्टन सहावा होता. मासाच्या घरच्या माणसांनी आनंदाने एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि तेवढ्यात, शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणांपाशी, घसरत-सावरत चाललेल्या ग्लॉकला हॅमिल्टनने मागे टाकले! तो पाचवा आला. जगज्जेतेपद ९८ विरुद्ध ९७ अशा एका गुणाने त्याचे झाले. मासा चाळीसएक सेकंदच जगज्जेता होता. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, असा आरोप पुढे झाला; पण त्याच्याच गाडीवरील कॅमेऱ्याची चित्रे पाहिली की बिचारा गाडी रस्त्यावर ठेवण्यासाठीच कसा झगडत होता, ते स्पष्ट दिसते.

ऊनही शर्यतीला छळते, नाही असे नाही. १९८४ साली अमेरिकेत डल्लास येथे इतका उन्हाळा होता की रस्त्याचा पृष्ठभागच उखडू लागला. नायजेल मॅन्सेलची गाडी शेवटी शेवटी बंद पडली, तेव्हा ती ढकलत नेण्याच्या प्रयत्नात तो चक्कर येऊन कोसळला. २०२३ साली कतारमध्ये उकाड्याने चालकांची अशीच दैना झाली. परंतु उन्हात कसोटी लागते ती सहनशक्तीची. पाहणारा हळहळतो, कौतुकही करतो. मात्र पुढच्या क्षणी काय होईल या उत्कंठेने खुर्चीच्या कडेवर येऊन बसत नाही. ती किमया पावसाचीच.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. ही उत्कंठा निर्णयाची असते की जिवावरच्या खेळाची?

जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश चालकाचे उदाहरण घ्या. १९६६ साली स्पा येथे पहिल्याच फेरीत अचानक पावसाने गाठले आणि एकामागून एक गाड्या रस्त्याबाहेर गेल्या. स्टुअर्टची गाडी मोडून पडली, तो आत अडकला आणि पेट्रोलची टाकी फुटून त्याचे सारे अंग इंधनाने भिजले. एक ठिणगी पडली असती तरी खेळ खलास होता. ना डॉक्टर जवळ, ना अवजारे. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन प्रतिस्पर्ध्यांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि सुमारे २५ मिनिटांनी त्याची सुटका केली. पुढे दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १९६८ रोजी, जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगवर तोच स्टुअर्ट पाऊस आणि दाट धुके यांत उतरला. सुमारे २३ किलोमीटरांची एक फेरी, अशा चौदा फेऱ्या. मनगटाचे हाड मोडलेले, हाताला आधार बांधलेला. तो जिंकला, आणि दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्याच्यानंतर चार मिनिटांहून अधिक काळाने आली. त्या दुसऱ्या गाडीत कोण होते? स्पाला त्याला बाहेर काढणारा ग्रॅहॅम हिलच!

पावसात असा पराक्रम करणाऱ्या माणसाने पुढे काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. रस्त्याकडेला मजबूत कठडे हवेत, वैद्यकीय मदत हवी, यासाठी त्याने वर्षानुवर्षे भांडण मांडले आणि त्याबद्दल भित्रेपणाचे टोमणेही ऐकून घेतले. धोका हा खेळाचा आत्मा आहे, असे गॅलरीत बसून म्हणणाऱ्यांना पेट्रोलने भिजलेल्या माणसाने दिलेले हे उत्तर होते.

दुसरे उत्तर निकी लाउडाने दिले. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्युर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. तो भयंकर भाजला, मरता मरता वाचला आणि सहाच आठवड्यांनी पुन्हा शर्यतीत उतरला. २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे शेवटची शर्यत होती. लाउडा जेम्स हंटच्या तीन गुणांनी पुढे होता. त्या दिवशी धो धो पाऊस आणि धुके. दोन फेऱ्या झाल्या आणि लाउडा गाडी आत आणून उतरला. जीव जगज्जेतेपदाहून मोठा, असे त्याचे म्हणणे. फेरारीचे माउरो फोर्गिएरी म्हणाले, इंजिन बिघडले असे जाहीर करू. लाउडाने ते नाकारले. आपण आपल्या मर्जीने थांबलो, हेच जगाला सांगितले. पुढे पाऊस ओसरला, हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने जगज्जेता झाला.

नियतीचा हिशेब पाहा. ३ जून १९८४ रोजी मोनॅकोला असाच पाऊस होता. आघाडीवर ॲलँ प्रोस्ट. मागून आयर्टन सेना नावाचा नवखा पोरगा साध्याशा टोलमन गाडीत दर फेरीला काही सेकंद भरून काढीत येत होता. लाउडा स्वतः घसरून बाद झाला होता. पाऊस वाढला म्हणून अधिकाऱ्यांनी शर्यत थांबवली आणि ३१ फेऱ्यांवर निकाल लावला. प्रोस्ट पहिला, पण शर्यत अपुरी म्हणून नवांऐवजी साडेचारच गुण मिळाले. शर्यत पुरी होऊन तो सेनाच्या मागे दुसरा जरी आला असता, तरी त्याला सहा मिळाले असते. वर्षअखेर जगज्जेतेपदाचा निकाल लागला तो अर्ध्या गुणाने. ७२ विरुद्ध साडेएकाहत्तर. प्रोस्ट हरला आणि जिंकला तो लाउडा! जे पावसाने एका गुणाने नेले होते, ते आठ वर्षांनी पावसानेच अर्ध्या गुणाने परत आणून दिले.

सगळ्यांचा हिशेब असा गोड होत नाही. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे वादळ जवळ येत असताना शर्यत झाली. ओल्या वळणावर ज्यूल बियांकी या फ्रेंच तरुणाची गाडी घसरली आणि आधीची अडकलेली गाडी उचलायला आलेल्या अवजड वाहनावर आदळली. नऊ महिन्यांनी, १७ जुलै २०१५ रोजी, तो गेला. वय अवघे २५. त्यानंतर नियम कडक झाले. संकट आले की सर्वांना एकदम वेग कमी करायला लावण्याची नवी व्यवस्था आली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पाला तर पावसामुळे गाड्या सुरक्षा-गाडीच्या मागे जेमतेम फिरल्या आणि अर्धे गुण वाटून कार्यक्रम संपला. तासन्‌तास भिजलेले प्रेक्षक संतापले. गुण कसले वाटता, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. परंतु त्या पावसात गाड्या पुऱ्या वेगाने सोडल्या नाहीत, याबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही.

तेव्हा शर्यतीला पाऊस हवा का? हवा, पण रस्त्याची पकड कमी करील इतका, रस्ताच दिसेनासा करील इतका नव्हे. पहिल्या पावसात माणसाच्या हातातले कसब आणि डोक्यातला निर्णय दिसतो. दुसऱ्यात फक्त नशीब दिसते, आणि नशीब पाहण्यासाठी कोणी तिकीट काढू नये.

यापुढे कधी दूरदर्शन संचासमोर बसला असाल आणि पावसामुळे लाल निशाण दाखवून शर्यत थांबवली, तर घरातले तरुण मंडळ कुरकुर करील. करू द्यावी, त्यांचे वयच ते. मात्र चहाचा दुसरा कप येईपर्यंत त्यांना फुजीच्या पावसात गाडीतून उतरून शांतपणे चालत गेलेल्या त्या भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसाची गोष्ट सांगावी. तोवर पाऊसही ओसरेल.