आभा कार्ड आहे, तरी जुने रिपोर्ट का दिसत नाहीत?

“डॉक्टर, आभा काढलंय. आता फाइल आणायची गरज नाही ना?” जळगाव-धुळ्याकडचे रुग्ण हल्ली असं विचारतात. माझं उत्तर: फाइल आणाच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्यातला तुमचा १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा. (पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, यात बरेच जण गोंधळतात.) या व्यवस्थेत तुमचे रिपोर्ट सरकारी तिजोरीत एकत्र ठेवलेले नसतात. ते त्या-त्या हॉस्पिटलच्या किंवा लॅबच्या सर्व्हरवर राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. धुळ्याची माहिती सुरत किंवा नाशिकच्या संगणकाला कळावी म्हणून ‘फायर’ नावाचा समान नमुना ठरवला आहे. पण सॉफ्टवेअर बदलत राहतं, रकाने बदलतात. जुना रिपोर्ट आभाशी जोडलेलाच नसेल, तर तो दिसत नाही.

न दिसणारा रिपोर्ट निदान मागवता तरी येतो. मला जास्त भीती वाटते ती अर्धवट दिसणाऱ्या माहितीची. माझ्या दवाखान्यात सॉफ्टवेअर बदललं तेव्हा हेच झालं. जुन्यात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आम्ही ‘शेरा’ या ओळीत लिहायचो. नव्यात अ‍ॅलर्जीचा वेगळा रकाना आला, पण जुना शेरा तिथे गेलाच नाही. एका आजींसमोर मी अँटिबायोटिक लिहायला घेतलं; रकाना कोरा होता. त्यांच्या सुनेने आठवण केली म्हणून हात थांबला. कोरा रकाना म्हणजे ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं नव्हे, हे त्या दिवशी मलाही नव्याने कळलं.

एककांचंही तसंच. क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १०६ मायक्रोमोल प्रति लिटर हे एकच माप आहे; आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने तिकडून आणलेला रिपोर्ट पाहून घाबरू नका. डी-डायमरही दोन एककांत येतो, आणि एकातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो.

म्हणून आकड्यासोबत एकक आणि लॅबची नॉर्मल मर्यादा दिसेल असा पूर्ण रिपोर्ट जपून ठेवा, फोटो काढला तरी चालेल. अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करण्याची गोळी, बसवलेला स्टेंट किंवा पेसमेकर हे नव्या डॉक्टरांना तोंडाने सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.