स्वस्त गाडी आणि कोरी आरसी

गणपती जवळ आले की लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत घराघरांत हा विषय निघतो. रेल्वेचं तिकीट मिळत नाही, एसटीत उभं राहून म्हाताऱ्या माणसांना गावी नेता येत नाही. एखादी सेकंडहँड गाडीच घेऊन टाकू. मग कोणीतरी ओळखीचा एजंट सांगतो, गाडी चकाचक आहे, पार्टीला घाई आहे, बाजारभावापेक्षा लाखभर कमीत देतो. गाडी जरूर घ्या. पण भाव इतका खाली का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. आणि पहिला प्रश्न हाच विचारा, की ही गाडी कधी ‘टोटल लॉस’मध्ये गेली होती का?

अपघातात किंवा पाण्यात गाडीचं इतकं नुकसान झालं, की दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जातो, तेव्हा विमा कंपनी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. मालकाला ठरलेली रक्कम मिळते आणि उरलेला सांगाडा लिलावात विकला जातो. तो विकत घेणं, नीट करून चालवणं हा गुन्हा नाही. खोट आहे ती कागदात. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का पडतो आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दिसतो. आपल्या आरसीवर अशी नोंदच होत नाही. ‘वाहन’ पोर्टलवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे सगळं कळतं. ती गाडी कधीकाळी भंगारात निघाली होती, हे कळत नाही. आरसी कोरी आहे म्हणून निर्धास्त राहणारा माणूस इथेच फसतो.

बुडालेल्या गाड्या उपनगरांतल्या, आपल्याकडे कुठे एवढं पाणी भरतं, असं मानू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे खरं. पण ५ ऑगस्ट २०२०ला कुलाब्यानेच ३३०चा आकडा ओलांडला आणि गिरगावात दुकानांतून पाणी शिरलं. हिंदमाताचं तर काय सांगायचं! पावसाळ्यात पाण्याखाली गेलेली गाडी धुऊन, पॉलिश होऊन, दिवाळीच्या सुमारास बाजारात उभी राहू शकते. स्टेपनीखालची खोबण बघा, पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का बघा, सीटखालच्या बोल्टांवर गंज चढलाय का बघा. आत सुगंधी स्प्रेचा मारा केलेला असेल तर काचा लावून थोडा वेळ आत बसा. दबलेला कुबट वास वर येतो.

बुडालेली गाडी तुमचे पैसे खाईल. पण टोटल लॉसच्या व्यवहारात एक प्रकार असा आहे, की तो तुम्हाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावेल. काहींना सांगाडा नकोच असतो, हवे असतात ते त्याचे कागद. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा चासी नंबर घासून टाकायचा आणि त्या जागी सांगाड्याचा नंबर ठोकायचा. आता कागद खरे, नंबरप्लेट खरी, आरटीओची नोंदही खरी. फक्त गाडी दुसऱ्याची.

अशी गाडी तुम्ही पूर्ण पैसे मोजून, प्रामाणिकपणे घेतली तरी ती तुमची होत नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचं २७वं कलम सांगतं, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्क नव्हताच. पोलीस गाडी जप्त करतील, ती मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाईल, आणि तुमचे पैसे बुडतील. वर भारतीय न्याय संहितेचं ३१७वं कलम आहे. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असतानाही अप्रामाणिकपणे तो घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. पाच लाखांची गाडी तीन लाखांत, तीही रोखीने आणि बिनापावतीची घेतलीत, तर तुम्हाला संशय कसा आला नाही, हे तपास अधिकारी विचारणारच.

म्हणून चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कुणाच्या मोबाईलमधल्या फोटोवर भागवू नका. तो कुठे ठोकलेला असतो ते मॉडेलनुसार बदलतं. बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटखाली सापडतो. मेकॅनिक सोबत न्या, टॉर्च न्या. एकूण १७ अक्षरं-आकडे असतात, आणि त्यांत आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. मारुतीचा नंबर बहुतेकदा एमए३ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएलने, टाटाचा एमएटीने. अक्षरांची ओळ वाकडी, एखादा आकडा जास्त खोल, भोवतालचा पत्रा घासलेला किंवा तेवढाच तुकडा नव्याने रंगवलेला दिसला, की तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा.

मग मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिस्या मागा. त्यात ‘नो क्लेम बोनस’चा रकाना असतो. वाढत गेलेला बोनस एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आला असेल, तर आधी क्लेम झालेला असू शकतो. तो कसला, हे विकणाऱ्याने विमा कंपनीकडून लेखी आणून द्यावं. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा. ताडदेवच्या आरटीओत एजंट करून देईल, सावकाश होईल, असं म्हणत महिने घालवू नका. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणार नाहीत.

ज्यांची स्वतःची गाडी टोटल लॉसमध्ये गेली आहे, त्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. क्लेमची रक्कम लवकर मिळावी म्हणून कोऱ्या फॉर्म २९-३०वर सह्या करून मोकळे होऊ नका. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की गाडी किती हातांतून फिरली याला महत्त्व नाही. आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी. तुमच्या सहीच्या कागदांवर उद्या कोणाची गाडी धावेल, हे तुम्हाला कळणारही नाही. गाडी दुरुस्त होण्यासारखी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणीकृत भंगार केंद्रात दिलीत तर तिथलं प्रमाणपत्र जपून ठेवा. डीलरला देणार असाल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का ते बघा आणि फॉर्म २९सी भरल्याशिवाय किल्ली देऊ नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्यानंतरची जबाबदारी त्याच्यावर जाते.

आणि गाडी घेऊन झाल्यावर संशय आला असेल, तर ती गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. जाणूनबुजून विकलीत की फसवणारे तुम्ही ठरता. चासी नंबरचा संशय असेल तर गाडी चालवणं थांबवा, वकिलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. टोटल लॉस लपवून डीलरने विकली असेल तर त्याला नोटीस पाठवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर तिथे फी लागत नाही. जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, यातलं काहीही डिलीट करू नका.