देवींची सत्ता चालते कुणावर?

दर १ मार्चला रोममधल्या लग्न झालेल्या बायका फुलं घेऊन एस्क्विलिन टेकडीवरच्या ज्यूनो ल्युसिनाच्या देवळात जात. इ.स.पू. ३७५ मधलं हे देऊळ. ल्युसिना हे बाळंतिणींना सांभाळणारं ज्यूनोचं रूप. गरोदर बाईने केस मोकळे सोडून तिची प्रार्थना करावी म्हणजे देवी तिला अलगद मोकळी करते, असं रोमन कवी ओव्हिडने सणावारांवरच्या ‘फास्ती’ या काव्यात सांगितलं आहे.

‘मेटॅमॉर्फोसीज’ही याच ओव्हिडचं. त्याच्या नवव्या सर्गात आल्कमेना हर्क्युलिसच्या वेळी अडली आहे. ज्यूनोचा नवरा ज्यूपिटर आल्कमेनाच्या नवऱ्याचं रूप घेऊन आला होता, त्याच्यापासून तिला दिवस गेले होते. इथे ल्युसिना ज्यूनोहून वेगळी देवी आहे; मदतीला आलेल्या तिला ज्यूनोने आधीच फितवलेलं. ल्युसिना दाराबाहेरच्या वेदीवर बसते, गुडघ्यावर गुडघा चढवते, बोटांत बोटं घट्ट गुंफते आणि हलक्या आवाजात बाळंतपण अडवणारे मंत्र म्हणू लागते. सात दिवस, सात रात्री आल्कमेना वेणा सोसते. शेवटी गॅलँथिस नावाच्या दासीला संशय येतो आणि ती बाहेर येऊन चक्क खोटंच सांगते, ‘बाईसाहेब सुटल्या!’ देवी दचकून उठते, बोटं सुटतात, मूल जन्मतं. गॅलँथिस हसते. त्या हसण्यापायी देवी तिला केस धरून फरफटत नेते आणि तिचं मुंगसासारखं जनावर करून टाकते.

या कथेत छळली गेली ती आल्कमेना, जन्माची शिक्षा मिळाली ती दासीला, आणि छळणारी व शिक्षा देणारी या दोघी देवी. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं, तो ज्यूपिटर नामानिराळा.

ज्यूनो म्हटलं की ‘मत्सरी बायको’ एवढा शिक्का मारून आपण पुढे जातो. मला हे वाचन आळशी वाटतं. ज्यूपिटरने जवळ केलेल्या बायकांपैकी कॅलिस्टोला तिने अस्वल केलं, आयोच्या मागे गोमाशी लावली, सेमेलीला जळून मरायला लावलं, हे सगळं खरं. पण राग काढायला तिला दुसरी जागा कोणती दिली होती? इ.स.पू. १८ मध्ये सम्राट ऑगस्टसने बायकोचा व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरवला, पण नवऱ्यावर तसाच खटला भरायचा हक्क बायकोला दिला नाही. ओव्हिड त्याच रोममध्ये लिहीत होता. त्याची ज्यूनो स्वर्गाची राणी असली, तरी नवऱ्यापुढे तिची गत रोममधल्या कुठल्याही बायकोपेक्षा वेगळी नाही. देवी म्हणून तिच्या हाती जी ताकद आहे, ती चालते फक्त खालच्या बाईवर.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती मात्र व्हर्जिलची ज्युटर्ना. ‘इनीड’ या महाकाव्याच्या बाराव्या सर्गातली ही जलदेवता म्हणजे नायक इनियासचा शत्रू टर्नस याची बहीण. ज्यूपिटरने तिचं कौमार्य हिरावून घेतलं आणि भरपाई म्हणून तिला अमर केलं. ज्यूनो तिच्याशी मायेने बोलते. नवऱ्याने भोगलेल्या बायकांमध्ये फक्त तुलाच मी जवळ केलं, असं सांगते आणि भावाला वाचवायला तिला पुढे करते. पुढे तीच ज्यूनो टर्नसची बाजू सोडून ज्यूपिटरशी तह करते. लॅटिन लोकांचं नाव, भाषा, पेहराव कायम राहावा, ही तिची अट. ज्यूपिटर हसून कबूल होतो, ज्यूनो समाधानाने निघून जाते. त्या बोलण्यात ज्युटर्नाचं नाव निघतं, पण तिच्यासाठी ज्यूनो काहीच मागत नाही.

भाऊ आता मरणार हे कळल्यावर ज्युटर्ना जे विचारते, तसा प्रश्न मला या महाकाव्यात दुसरा आढळला नाही. कौमार्याचा मोबदला हाच का? मला अमर केलंत कशाला? मरण हातात असतं तर निदान भावासोबत गेले असते. तिला मिळालेल्या देवपणाचा अर्थ एवढाच, की हे दुःख तिला कधीच संपवता येणार नाही.

‘तो काळच तसा होता’ म्हणून रोमन कवींना सोडून द्यायला मी तयार नाही. ज्युटर्नाच्या तोंडी हे शब्द घातले व्हर्जिलनेच. म्हणजे बाईवरचा अन्याय त्याला स्वच्छ दिसत होता. तरीही पुढच्या ओळींत तो तिला नदीत बुडी मारायला लावतो, पुन्हा तिला समोर आणत नाही आणि काव्य टर्नसच्या वधावर संपवतो.