सीमारेषेबाहेरचा माणूस

२६ जून २०२२. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना रडू आवरेना. १९९९ मध्ये याच मैदानावर, याच संघाचे कर्णधार म्हणून, पहिल्या डावात आघाडी घेऊनही ते अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांची सल त्या अश्रूंत होती.

मुंबईचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर यांचा हा शिष्य. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, तोही आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. कर्नल सी. के. नायडूंच्या काळात होळकर संघाने चार वेळा ही स्पर्धा जिंकली. त्या इंदूरला खेळाडू घडवणाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही धावफलकावर प्रशिक्षकाचं नाव नसतं. म्हणून हा अंक प्रशिक्षकांचा. करंडकांच्या यादीपेक्षा पहाटेचा सराव, शिस्त आणि पराभवानंतर खांद्यावर पडलेला हात यांबद्दल आम्हाला बोलायचं आहे. शाळा-कॉलेजच्या मैदानावर तुम्हाला कोणी घडवलं? आम्हाला जरूर लिहा.