विश्लेषण : हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांना फार्मासिस्टचा आधार का हवा?

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणाऱ्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’मुळे (एएफ) पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. तो कमी करणारी औषधे आहेत, पण ती योग्य मात्रेत आणि न चुकता घेतली जातात का, हे कोण पाहणार? इंग्लंडने हे काम फार्मासिस्टकडेही दिले. भारतात तो अजून काउंटरमागेच आहे.

एएफमध्ये नेमके काय होते?

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. अनेकांना आधी कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात.

इंग्लंडमधील फार्मासिस्ट काय करतात?

तिथे २०१५ पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत प्रायोगिक तत्त्वावर क्लिनिकल फार्मासिस्ट नेमले गेले. २०१९च्या करारानंतर ही योजना विस्तारली. हे फार्मासिस्ट नोंदी तपासून एएफ असूनही औषध सुरू नसलेले रुग्ण शोधतात. वय, वजन आणि मूत्रपिंडाच्या चाचणीवरून मात्रा पडताळतात. कुणाला फक्त अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून देतात, कारण एएफमध्ये पक्षाघात रोखण्यासाठी एकट्या अ‍ॅस्पिरिनची शिफारस तिथे केली जात नाही.

भारतात गरज अधिक का?

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या एएफ रुग्णांना आजही वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल हीच औषधे द्यावी लागतात. त्यांची मात्रा ‘आयएनआर’ या रक्तचाचणीवर ठरते. हा आकडा साधारण २ ते ३ दरम्यान लागतो. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. अशा रुग्णाने मेडिकलमधून अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतले तरी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नव्या गोळ्यांचेही नियम आहेत. एएफसाठीची रिव्हारोक्सॅबन जेवणासोबत घ्यायची असते आणि डबिगाट्रानची कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची नसते. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात, पण ती दोन मिनिटे कुणाच्याच कामात धरलेली नाहीत.

मग अडते कुठे?

‘फार्म.डी.’ अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्ण समुपदेशनाचा समावेश झाला. म्हणजे शिक्षण आहे, नियमही आहे. पण दुकानाची कमाई गोळ्या विकण्यावर आहे, सल्ल्यावर नाही. शिवाय रुग्णाच्या तपासण्यांची नोंदही फार्मासिस्टपुढे नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील फार्मासिस्टकडे एएफ रुग्णांची यादी, आयएनआरची नोंद आणि डॉक्टरांशी थेट संपर्क देऊन सरकारला सुरुवात करता येईल. निदान आणि औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच राहील. पण औषध लिहून दिल्यानंतर रुग्णाला वाऱ्यावर सोडणे परवडणारे नाही, कारण इथे चुकीची किंमत अनेकदा आयुष्यभराचे अपंगत्व असते.